खासदारांचा स्वयंपाकवर्ग

हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट डेस्कवरून रिटायर झाले, थोडे दिवस बाग केली, पडदे शिवले, आणि मग घरात बसून कंटाळा यायला लागला. तेव्हा मी आमच्या भागाच्या खासदारांच्या ऑफिसात आठवड्यातून तीन दिवस कामाला जायला लागले. गावाचं नाव सांगत नाही, पक्षाचं तर नाहीच. लंडनच्या कडेकडेने जी गावं आहेत, जिथली जुनी माणसं अजूनही ‘आम्ही लंडनचे नाही’ असं ठासून सांगतात, त्यातलं एक समजा.

ऑफिस म्हणजे एक जुनं दुकान होतं. एका बाजूला न्हावी, दुसऱ्या बाजूला व्हेप, म्हणजे इलेक्ट्रिक सिगरेटी विकणारा, मध्ये आम्ही. काचेवर खासदारांचा हसरा फोटो. माझं काम फोन घ्यायचं, आलेल्या माणसाला बसवायचं, चहा द्यायचा, आणि शुक्रवारी सर्जरीला त्यांच्या शेजारी बसून टिपणं काढायची. लोक आपली गाऱ्हाणी घेऊन खासदाराला भेटायला येतात, त्या भेटींना इथे सर्जरी म्हणतात. मी हे घरी सांगितलं तेव्हा माझ्या नवऱ्याने विचारलं होतं, “भूल देऊन ऐकतात की तसंच?”

खासदार माणूस म्हणून वाईट नव्हते. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसं वाटेल. उंच, जरा वाकलेले, स्वतःचा चहा स्वतः करणारे आणि आम्हालाही विचारणारे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा फुलं घेऊन घरी आले आणि माझ्या नवऱ्याशी तासभर क्रिकेटवर बोलत बसले. त्यांच्या वडिलांचं खिळे, रंग, बिजागऱ्या विकायचं छोटं दुकान होतं. आईने एका कोंबडीत घराचा अख्खा आठवडा कसा काढला, रविवारी भाजून, सोमवारी उरलेलं पावात घालून, मग हाडांचं सूप, ही गोष्ट ते कुणालाही सांगत. ती सांगताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. खोटं काही नव्हतं त्यात.

ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक चॅपल, म्हणजे छोटं चर्च होतं आणि चॅपलच्या हॉलमध्ये दर मंगळवारी फूड बँक भरायची, गरजूंना किराण्याची पिशवी फुकट मिळायची. तिथे कुणीही उठून जाऊन पिशवी मागू शकत नाही. जीपीने म्हणजे भागातल्या डॉक्टरने, शाळेने, नाहीतर आमच्यासारख्या एखाद्या ऑफिसने तशी चिठ्ठी द्यावी लागते. ती चिठ्ठी द्यायचं कामही माझ्याकडेच होतं. सुरुवातीला मला वाटलं, क्वचित कधी द्यावी लागेल. पण हिवाळा आला की वाट बघणाऱ्यांसाठी ठेवलेल्या आमच्या चार खुर्च्या सकाळपासूनच भरलेल्या असायच्या.

एप्रिलमधली गोष्ट. खासदार त्या दिवशी पार्लमेंटमध्ये होते. मी फोनवर माझ्या मुलीशी बोलत होते. ती कार्डिफला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, आणि ड्यूटी संपल्यावर मिळेल त्या वेळी फोन करते. “अगं ठेव आता, माणसं आलीयत,” असं म्हणून मी फोन खाली ठेवला, तर समोर कोटाची सगळी बटणं लावून, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या एक वयस्कर बाई माझ्याकडे बघत होत्या.

“मराठी बोलता तुम्ही?” त्यांनी विचारलं. मराठीतच.

मी त्यांना इटालियन समजले होते, किंवा माल्टाकडच्या. “तुम्ही कुठल्या?” मी विचारलं.

“आम्ही ज्यू. बेने इस्राएल. पण मुंबईचे हो, भायखळ्याचे. मूळ गाव अलिबागेकडे.” मग जरा हसून म्हणाल्या, “फार वर्षांत बोलले नाही. मिस्टर गेल्यापासून नाहीच. मुलाला समजतं, पण तो आन्सर इंग्लिशमध्येच देतो.”

तरुणपणीच त्या इथे आल्या होत्या. आधी इल्फर्डला, मग आमच्या गावात. एका शाळेत शिवणकाम शिकवायच्या. आता पन्नाशी उलटलेला मुलगा आणि त्या, असे दोघं एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहात होते. मुलगा डिलिव्हरीची व्हॅन चालवायचा. फेब्रुवारीत त्याला स्ट्रोक आला, उजवा हात गेला, काम गेलं. सरकारी भत्त्यासाठी अर्ज केला होता, पण त्याचा पहिला हप्ता यायलाच महिन्याहून जास्त वेळ लागतो, आणि यांच्या बाबतीत मध्ये काहीतरी अडकलं होतं. तोवर घरभाडं त्यांच्या पेन्शनमधून जात होतं. त्यांना एवढंच विचारायचं होतं की त्याचे पैसे कधी येतील.

मी फोन लावले, दोन ठिकाणी मला फोनवर ताटकळत ठेवलं, तिसऱ्या ठिकाणी एका मुलीने ‘बघून सांगते’ म्हटलं. मग मी विचारलं, “घरात खायला आहे ना?”

“आहे की,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, पर्सच्या बंदाशी चाळा करत म्हणाल्या, “चहा आहे.”

मी चिठ्ठी लिहिली आणि हॉल कुठे आहे ते सांगितलं. त्यांनी ती घेतली नाही लगेच. “शेजारची बाई त्या चॅपलला जाते,” त्या म्हणाल्या. “तिला कळेल.” मी म्हटलं, मावशी, मी येते तुमच्याबरोबर. मावशी हा शब्द आपसूकच आला तोंडात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुणीतरी खूप जुन्या नावाने हाक मारली होती.

त्या मंगळवारी आम्ही दोघी गेलो. फूड बँक चालवणारी बाई म्हणजे एक दणकट, मोठ्या आवाजाची वेल्श बाई. पूर्वी बस चालवायची. तिने मावशींना प्रश्न विचारले नाहीत, फक्त काय खाता, काय नाही एवढंच विचारलं. डुकराचं मांस नको म्हटल्यावर सॉसेजचे डबे काढून त्याजागी मासे घातले. हॉलमध्ये आलेल्यांना कपभर गरम सूपही मिळायचं. मावशींनी ते घेतलं, पिशवी उचलली, दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, “ते सूप कोण करतं? खूप पातळ झालंय.” पुढच्या मंगळवारपासून सूप त्याच करायला लागल्या.

मुलाचा भत्ता उशिरा का होईना सुरू झाला, पण तो पुरायचा नाही. म्हणून मावशी सकाळी सूप करायच्या आणि अधूनमधून, एखाद्या वाईट महिन्यात, संध्याकाळी सगळे गेल्यावर स्वतःही पिशवी घेऊन जायच्या. वेल्श बाई ती पिशवी आधीच भरून टेबलाखाली ठेवायची. त्यावर कुणी काही बोलायचं नाही. मी मंगळवारी ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत तिकडे जायला लागले, आणि आम्ही दोघी भांडी घासता घासता मराठीत बोलायचो. वालाचं बिरडं करायला इथे चांगले वाल मिळत नाहीत, ही त्यांची मोठी तक्रार होती.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी मी पोहे करत होते आणि रेडिओवर आमच्या खासदारांचा आवाज आला. फूड बँकांची चर्चा चालू होती. ते म्हणाले, खरा प्रश्न गरिबीचा नाही, आपल्याकडे एक पिढी अशी तयार झाली आहे की तिला स्वयंपाक येत नाही आणि हातातला पैसा पुरवून वापरता येत नाही. डाळी, कडधान्यं किती स्वस्त मिळतात, ठरवलं तर काही पेन्समध्ये पोटभर जेवण होतं. आणि मग ती कोंबडीची गोष्ट सांगितली. सूत्रसंचालिकेने विचारलं, तुमच्या मतदारसंघात लोक फूड बँकेत का जातात? ते म्हणाले, तिथे फुकट मिळतं म्हणून.

माझा हात कढईवरच थांबला. नवरा पेपर वाचत होता. तो म्हणाला, “बरोबर बोलतायत की. आपण आलो तेव्हा काय होतं आपल्याकडे? दोन बॅगा. तू एका भाजीचे तीन प्रकार करायचीस.”

“अहो, आपल्याला तुमच्या हॉस्पिटलने खोली दिली होती,” मी म्हटलं. “लाईट-गॅस त्यातच. तुमचा पगार पहिल्या महिन्यापासून येत होता.”

“तरी आपण कुणापुढे हात पसरला नाही.”

“वेळच आली नाही.”

त्याने पेपर पुन्हा वर धरला. पण पटलं नव्हतं त्याला, ते दिसत होतं. त्याच शनिवारी आम्ही स्टॅनमोरला एका मित्राकडे दिवाळी फराळाला गेलो. तिथे हाच विषय निघाला, आणि जवळजवळ सगळ्यांचं मत खासदारांसारखंच पडलं. सगळे चांगले लोक. कुणी डॉक्टर, कुणी बँकेत, कुणी सिव्हिल इंजिनियर. प्रत्येकाने आपापली सुरुवातीच्या दिवसांची गोष्ट सांगितली: एकाने हीटर न लावता काढलेला हिवाळा, एकीने उकडलेल्या बटाट्यांवर काढलेला महिना. मी चकली खात ऐकत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की या गोष्टींमध्ये आणि त्या कोंबडीच्या गोष्टीत काही फरक नाही. ज्याने हलाखी काढली आणि जो तिच्यातून बाहेर आला, त्याला ती आपली कमाई वाटते. मग दुसऱ्याची हलाखी बघितली की त्याला वाटतं, याने तेवढी मेहनत केलेली नाही. आपण बाहेर आलो तेव्हा दार उघडं होतं, ते कुणी उघडं ठेवलं होतं, आता ते तसंच आहे का, हे कुणी विचारत नाही. मी तरी तोवर कुठे विचारलं होतं?

रात्री मुलीचा फोन आला. तिने ते रेडिओवरचं ऐकलं होतं. “आई, तुझा बॉस काय बोलला ते!” तिचं मराठी असं आहे, लिंगं इकडची तिकडे होतात. “माझ्या वॉर्डमधली हेल्थकेअर असिस्टंट जातो फूड बँकला. नाईट शिफ्ट करून जातो. तू त्याला सांग ना.”

“कुणाला?”

“बॉसला!”

ऑफिसात त्या आठवड्यात फोन थांबेनात. काही लोक शाबासकी द्यायला फोन करत होते, काही शिव्या द्यायला. शाबासकीवाले जास्त होते, हेही सांगायला हवं. खासदार दोन्हींनी त्रासले होते. आणि मग त्यांना कल्पना सुचली. ते माझ्या टेबलाशी आले आणि उत्साहाने म्हणाले, “आपण नुसतं बोलायचं नाही, करून दाखवायचं. चॅपलच्या हॉलमध्ये एक स्वयंपाकवर्ग घेऊ. तुम्ही डाळ करून दाखवा. तुमच्या घरची डाळ मी खाल्लीय, असली डाळ या लोकांना शिकवली तर अर्धा प्रश्न सुटेल.”

मी म्हटलं, “तिथल्या लोकांना स्वयंपाक येतो, साहेब.”

“काहींना येत असेल.”

“मी त्यांना शिकवायला येणार नाही. पण सगळ्यांना पुरेल एवढा डाळ-भात करून वाढायला येईन.”

ते हसले. “तेच तर म्हणतोय मी.”

वेल्श बाईला हे कळलं तेव्हा तिने जे शब्द वापरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण गरम जेवण फुकट मिळतंय तर नाही कशाला म्हणायचं, असा विचार करून तिने हॉल दिला. मावशींना मी सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, “डाळ कुठली करणार?” मसूर म्हटल्यावर म्हणाल्या, “चांगली. लवकर शिजते. मी कांदा कापते.”

तो दिवस मला अगदी स्पष्ट आठवतो. मोठी दोन पातेली, एकात भात, एकात डाळ. हॉलमध्ये नेहमीपेक्षा जास्त माणसं, कारण गरम जेवण आहे हे कळलं होतं. मुलं टेबलाखालून पळत होती. खासदार आले, त्यांच्याबरोबर लंडनच्या ऑफिसातला एक मदतनीस आणि इथल्या पेपरचा फोटोग्राफर. खासदारांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या, एप्रन बांधला. मी फोडणी दिली, मोहरी तडतडली, आणि धूर वर जाऊन हॉलचा स्मोक अलार्म कर्कश वाजायला लागला. खासदार खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायला लागले. सगळे हसले. तेही हसले. त्या क्षणी सगळं किती सोपं वाटत होतं.

अलार्म थांबल्यावर त्यांनी छोटंसं भाषण केलं आणि मग रांगेतल्या पहिल्या माणसाला विचारलं, “तुम्हाला घरी हे जमेल ना?”

तो तिशीतला, शांत माणूस. म्हणाला, “मला जमतं. मी हॉटेलच्या किचनमध्ये होतो. पण आता कौन्सिलने जी खोली दिलीय तिथे फक्त पाणी उकळायची केटल आहे.”

“बरोबर, बरोबर,” खासदार म्हणाले, त्याच्या दंडावर हात ठेवला आणि पुढे सरकले. दुसऱ्या बाईने सांगितलं की तिच्याकडे शेगडी आहे, पण लाईटच्या मीटरमध्ये आधी पैसे भरावे लागतात, आणि ते संपले की शेगडीही बंद. खासदारांनी मान डोलावली. मदतनीस घड्याळ बघत होता.

मग ते मावशींपाशी आले. मावशी मोठ्या डावाने डाळ ढवळत होत्या. पांढरे केस नीट बांधलेले, गळ्यात सोन्याची बारीक साखळी, अंगात इस्त्री केलेला ब्लाऊज. खासदारांना हवं तसं चित्र अखेर सापडलं. त्यांनी फोटोग्राफरला खूण केली, मावशींच्या शेजारी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हे बघा. आपल्या गावात अशी माणसं आहेत. तुम्ही थोडक्यात संसार केला असणार, हो ना?”

“केला,” मावशी इंग्लिशमध्ये म्हणाल्या.

“आणि कधी कुणाकडे काही मागितलं नाही.”

मावशींचा हात ढवळतच होता. “मागितलं ना,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडेच. एप्रिलमध्ये. तुमच्या ऑफिसनेच मला इथे पाठवलं.”

“इथे... मदत करायला?”

“नाही. पिशवी न्यायला.”

आवाज चढवला नव्हता त्यांनी. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला, मग परत वर धरला, मग पुन्हा खाली घेतला. खासदारांच्या मानेपासून वर एक लाली चढत गेली.

“मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले.

“तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही त्या दिवशी लंडनला होता,” मावशी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. खरोखरच समजूत घालत होत्या त्यांची. मग डावातली डाळ तळहातावर घेऊन चाखली आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “मीठ कमी आहे गं.”

मी मीठ घातलं. काय करणार दुसरं? आम्ही वाढायला सुरुवात केली. खासदार निघून जातील असं मला वाटलं होतं, पण ते थांबले. मदतनीस कानाशी लागून काहीतरी सांगत होता, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. लोकांच्या ताटल्या त्यांनी नेऊन दिल्या, स्वतः एका कोपऱ्यात उभं राहून जेवले. नंतर किचनमध्ये येऊन टॉवेल उचलला आणि मी घासलेली पातेली ते पुसायला लागले. मग म्हणाले, “ती बाई माझ्या आईसारखी दिसते.”

आणि त्यांनी दुसरं पातेलं उचललं.

पुढच्या आठवड्यात पेपरात फोटो आला. खासदार एप्रन घालून पातेल्याशेजारी हसतायत. मावशींचा फक्त कोपर आला होता आणि हातातला डाव. मावशींनी तो बघितला आणि म्हणाल्या, “बरं झालं. शेजारणीला कोपरावरून कळणार नाही.”

त्या शुक्रवारी खासदारांनी मावशींना आणि त्यांच्या मुलाला सर्जरीला बोलावलं. पहिली वेळ त्यांना दिली. मुलगा काठी टेकत आला. त्याचं बोलणं अजून अडखळत होतं, तर खासदार त्याला मध्ये न तोडता, वाक्य पुरं होईपर्यंत थांबून ऐकत होते. मग त्यांनी स्वतः फोन उचलला. खासदाराने स्वतः फोन केला की पलीकडे आवाज कसा बदलतो ते मी त्या खुर्चीत बसून अनेकदा बघितलं होतं. त्या दिवशीही बदलला. मुलाच्या आजारपणाचा जो जास्तीचा भत्ता नाकारला होता, त्याची पुन्हा तपासणी झाली, आणि ख्रिसमसच्या आधी तो मंजूर झाला. मावशींनी त्यांच्यासाठी नारळाच्या वड्या करून आणल्या. खासदारांनी त्या आमच्या कुणालाही न देता घरी नेल्या.

त्या शुक्रवारी मावशी आणि मुलगा निघून गेल्यावर मी खासदारांना विचारलं होतं. इतकी वर्षं झाली या देशात, तरी साहेबाला असं थेट विचारायला मला घसा साफ करावा लागला. “पुन्हा रेडिओवर बोलावलं तर काय सांगाल?”

ते खुर्चीत मागे रेलले. “त्यांच्याबद्दल नाही सांगता येणार. ती त्यांची खाजगी गोष्ट आहे.”

“त्यांच्याबद्दल नको. हॉलबद्दल सांगा.”

ते उठून खिडकीशी गेले. बाहेर न्हाव्याचं दुकान बंद होत होतं. “हॉलबद्दल बोलायला लागलो,” ते म्हणाले, “तर पैसे एवढे उशिरा का येतात यावर बोलावं लागेल. तो नियम झाला तेव्हा मी त्याच्या बाजूने मत दिलंय. मला तेव्हा तो योग्य वाटला होता.”

“आणि आता?”

“आता मी पक्षात आहे, पक्षाविरुद्ध कसं बोलू?” ते म्हणाले. मग जरा चिडून, “तुम्हाला वाटतं मी शुक्रवारी इथे नाटक करतो?”

“नाही,” मी म्हटलं. आणि ते खरं होतं. तेच तर मला कळत नव्हतं. समोर बसलेल्या एका माणसासाठी हा माणूस अर्धा दिवस फोन धरून ठेवायचा. तीच माणसं शेकड्याने एकत्र झाली आणि त्यांना ‘लोक’ म्हणायची वेळ आली, की त्याला ती आळशी वाटायची. मी पुष्कळ विचार केला यावर. मला वाटतं, एका माणसाला मदत केली की मदत करणारा चांगला ठरतो. पण सगळ्यांना मदत लागते असं मान्य केलं, तर काहीतरी आपल्या हातून चुकलंय असं ठरतं. पहिली गोष्ट कुणालाही आवडते.

जानेवारीत ते टीव्हीवर आले. तेच बोलले, कोंबडीसकट. एकच बदल होता. ‘लोकांना स्वयंपाक येत नाही’ याच्या जागी ‘काही लोकांना’ असं म्हणाले. माझा नवरा सोफ्यावरून म्हणाला, “ते ‘काही’ तुझ्या मावशीमुळे आलं वाटतं.” तो चेष्टा करत होता की नाही मला कळलं नाही. पण पुढच्या मंगळवारी तो माझ्याबरोबर हॉलवर आला, डब्यांची खोकी उचलली, एका म्हाताऱ्याशी क्रिकेटवर बोलला. त्यानंतर येत राहिला. त्याचं मत बदललं असं तो आजही कबूल करणार नाही, आणि मीही विचारत नाही.

निवडणुका आल्या आणि आमचे खासदार हरले. ऑफिस बंद झालं, मी काचेवरचा फोटो खरवडून काढला. निवडून आलेली बाई दुसऱ्या पक्षाची, तरुण, तळमळीची. विरोधात असताना ती हॉलच्या दारात उभी राहून म्हणायची, एवढ्या श्रीमंत देशात ही अशी रांग असणं हीच लाजेची गोष्ट आहे, आम्ही आलो की या जागेची गरजच उरणार नाही. वेल्श बाई टाळ्या वाजवायची. आम्हीही वाजवायचो.

पुढच्या वर्षी हॉल कमी पडायला लागला म्हणून चॅपलने शेजारची खोली जोडून घेतली. नवे फळ्यांचे रॅक, मोठा फ्रीज. उद्घाटनाला नव्या खासदारबाई आल्या. फीत कापली आणि आमच्या कामाचं मनापासून कौतुक केलं. समाजाची ताकद काय असते ते इथे दिसतं, असं म्हणाल्या. भाषण संपल्यावर वेल्श बाईने त्यांना विचारलं, “ही खोली बंद करायला कधी येणार?” त्या हसल्या, त्यांना ती गंमत वाटली. परिस्थिती अवघड आहे, तिजोरीत काही उरलेलं नाही, पायरी पायरीने जावं लागेल, असं त्या म्हणाल्या. असेलही. माझा त्यांच्यावर राग नाही. पण मला जुने खासदार आठवले, आणि वाटलं, एकाने रांगेतल्या माणसांना दोष दिला, दुसरीने आम्हाला शाबासकी दिली. दोन्ही वेळा रांग होती तिथेच राहिली.

मावशींचा मुलगा आता आठवड्यातून काही तास एका गोदामात फोन घेतो. मावशींना पिशवी लागत नाही. सूप अजून त्याच करतात, आणि त्यात कुणी दुसऱ्याने हात घातलेला त्यांना चालत नाही.

मागच्या महिन्यात सुपरमार्केटमध्ये जुने खासदार भेटले. बाहेर पडताना दाराशी फूड बँकेसाठी ठेवलेली जाळीची मोठी पेटी असते, तिच्यात ते पीचचे डबे टाकत होते. मला बघून जरा ओशाळले. केस पूर्ण पिकलेत, पण वाकणं कमी झालंय असं वाटलं. माझा गुडघा कसा आहे, नवरा कसा आहे, सगळं विचारलं. मग, “त्या बाई कशा आहेत? त्यांचा मुलगा?”

मी सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. “नोकरी लागली? खरंच? बघा, मी म्हणत होतो.” काय म्हणत होते, ते मला आठवेना, त्यांनाही बहुतेक आठवत नसावं.

“तुम्ही आता काय करता?” मी विचारलं.

“दोन कंपन्यांना सल्ला देतो. बरं चाललंय.” हातातली रिकामी पिशवी ते घडी घालत होते, अगदी लहान होईपर्यंत. “पार्लमेंटची आठवण येत नाही फारशी. शुक्रवारची येते. शुक्रवारी कुणीतरी समोर येऊन बसायचं आणि मला कळायचं काय करायचं ते.”

त्यांची बायको गाडीतून हात करत होती. त्यांनी माझ्याशी हात मिळवला, पुन्हा एकदा मावशींना नमस्कार सांगायला सांगितला, आणि पार्किंगमधून चालत गेले. मी माझी खरेदी करायला आत गेले.